चिपाडाची काळी पूड आणि खाडीचे रंगीत पाणी



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एक शेतकरी बंधू हातात बाटली घेऊन माझ्याकडे आले. मूळचे नंदुरबारकडचे. ऊसतोडीसाठी सुरतेला आले, इथेच राहिले आणि आता तापीपलीकडे खाडीच्या काठाला भागाने जमीन करतात. बाटलीत जांभळट लाल पाणी होते. ते म्हणाले, "फादर, खाडीला हे पाणी येते. कालव्याची पाळी लांबली आहे आणि ऊस वाळतो आहे. माझा भाचा इंजिनियरिंगला आहे. तो म्हणतो, उसाच्या चिपाडापासून एक काळी पूड करतात, ती पाण्यात टाकली की रंग धरते आणि लोहचुंबक लावला की पूड बाहेर निघते. माझ्याकडे पाचटाचा ढीग पडला आहे. मी ती पूड करून हे पाणी उसाला देऊ का?"

प्रश्न चांगला होता आणि उत्तर चुकले असते तर त्यांचे शेत बिघडले असते. म्हणून मी दोन आठवडे मागून घेतले, वाचन केले, जाणकारांना विचारले. जे कळले ते त्यांना सांगितले, तेच आज आपणा सर्वांसाठी लिहीत आहे.

रंग पाण्यात येतो कोठून?

आपले इच्छापोर सुरत-हजिरा रस्त्यावर, तापीच्या उत्तर काठाला. पांडेसरा आणि सचिन या औद्योगिक वसाहती नदीच्या पलीकडे आहेत. कडोदरा आणि पलसाणाही तिकडेच. तेथे कापड रंगवण्याच्या आणि छापण्याच्या शेकडो मिल आहेत. तिकडच्या खाड्या पुढे मिंढोळा नदीला मिळतात आणि मिंढोळा समुद्राला.

कापड रंगवताना सगळा रंग धाग्यावर बसत नाही. काही भाग धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. सुती कापडाला लावण्याच्या रिअॅक्टिव्ह जातीच्या रंगांत हे प्रमाण बरेच मोठे असते. सुरतेत पॉलिएस्टरचे काम अधिक. त्याला डिस्पर्स जातीचे रंग लागतात. ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत, बारीक कणांच्या रूपाने तरंगतात. रंगाच्या जोडीला पाण्यात कॉस्टिक सोडा, मीठ, साबण आणि इतर रसायने असतात. ही जोडी विसरू नका, कारण पुढे सगळा निकाल तिच्यावरच लागणार आहे.

ती बाटली मी खिडकीत ठेवली आहे. महिना झाला, रोज ऊन लागते, पण रंग जवळजवळ तसाच आहे. यात नवल नाही. साडीचा रंग उन्हाने आणि धुण्याने जाऊ नये म्हणूनच तो तसा बनवलेला असतो. जो गुण साडीवर चांगला, तोच पाण्यात दोष ठरतो.

पूड रंग कसा धरते?

प्रथम एक सोपा प्रयोग करा. पेला भर पाण्यात शाईचे दोन-तीन थेंब टाका. चुलीतला लाकडी कोळसा अगदी बारीक कुटून दोन चमचे पूड त्यात घाला. अर्धा तास अधूनमधून ढवळा. मग स्वच्छ कापडाची चौपदरी घडी करून गाळा. शाईचा रंग फिका झालेला दिसेल. मात्र कोळशाची बारीक पूड कापडातून निसटल्यामुळे पाणी काळपट येईल. (हे पाणी पिऊ नये, मुलांना पिऊ देऊ नये.)

या एका प्रयोगात दोन धडे आहेत.

पहिला धडा असा की कोळशाच्या अंगावर रंग चिकटतो. याला शास्त्रात अधिशोषण म्हणतात. वस्तूच्या आत मुरणे वेगळे आणि अंगावर चिकटून बसणे वेगळे. साखर कारखानदारीत ही युक्ती जुनी आहे. साखर पांढरी करण्यासाठी उसाचा रस हाडांच्या कोळशातून गाळण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली.

चिकटायचे म्हटले की अंग मोठे हवे आणि वस्तू जितकी बारीक कराल तितके तिचे अंग वाढते. एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा एक ठोकळा घ्या. त्याचे सर्व बाजूंचे अंग मिळून ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे ठोकळे केले, तर सर्वांचे अंग मिळून ६०० चौरस मीटर होते. म्हणजे बोटाच्या पेरात मावणाऱ्या वस्तूचे अंग जवळजवळ सहा गुंठे! नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १० नॅनोमीटरचे एक लाख कण ओळीत ठेवले तर कोठे एक मिलिमीटर भरतो.

दुसरा धडा असा की पूड जितकी बारीक, तितकी ती पाण्यातून काढणे कठीण. ती लवकर खाली बसत नाही आणि कापडातही अडकत नाही. रंग धरला, पण धरणाराच पाण्यात राहिला, तर काय मिळवले? येथे लोहचुंबक कामाला येतो.

लोहचुंबक कशासाठी?

लहानपणी आपण दोरीला लोहचुंबक बांधून नदीच्या वाळूत ओढला असेल. त्याला काळ्या कणांची मिशी फुटते. तापी काळ्या दगडाच्या मुलखातून वाहत येते. त्या दगडात मॅग्नेटाइट नावाचे लोखंडाचे खनिज असते, त्याचेच ते कण. लोखंड आणि प्राणवायू यांचा तो संयोग. शास्त्रज्ञ हेच मॅग्नेटाइट प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने करतात आणि कोळशाच्या अंगावर बसवतात. रंग धरतो कोळसा आणि काही प्रमाणात मॅग्नेटाइट. बाहेर ओढून काढायला मात्र मॅग्नेटाइटच लागते.

या कणांची एक गंमत आहे. साधारण २० नॅनोमीटरहून लहान झाले की त्यांचे चुंबकत्व लोहचुंबक जवळ असेपर्यंतच टिकते. तो दूर नेला की कण पुन्हा सुटे होतात, एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. म्हणून पूड धुऊन परत वापरता येते.

चिपाडाचा उपयोग कोठे होतो?

उसाचे चिपाड, पाचट, केळीच्या साली, भाताचा तूस, नारळाची करवंटी, संत्र्याची साल, उकळलेल्या चहाचा चोथा, या सर्वांवर असे प्रयोग झाले आहेत. रीती मुख्यतः दोन आहेत.

१. भाजण्याची रीत. चिपाड धुऊन, वाळवून, दळून लोखंडाच्या क्षाराच्या द्रावणात भिजवतात. पुन्हा वाळवून बंद भांड्यात, हवा लागू न देता, ४०० ते ६०० अंश सेल्सियसला भाजतात. चिपाडाचा कोळसा होतो आणि लोखंडाचे मॅग्नेटाइट होते. दोन्ही कामे एका भट्टीत.

२. साका बसवण्याची रीत. फेरिक क्लोराइडचे लोखंड दोन भाग आणि हिराकशीचे एक भाग असे द्रावण करून त्यात अमोनिया किंवा कॉस्टिक घालतात. काळाभोर साका खाली बसतो, तोच मॅग्नेटाइट. द्रावणात आधीच कोळशाची पूड असेल तर कण तिच्यावर बसतात. काही जण केळीच्या सालीचा किंवा चहाचा अर्क घालतात. त्यातला तुरट अंश कणांना वेढून बसतो आणि ते एकमेकांना चिकटत नाहीत.

वाचताना हे घरी करण्यासारखे वाटते, पण करू नका. फेरिक क्लोराइड त्वचा आणि डोळे जाळते, अमोनियाची वाफ फुप्फुसाला लागते आणि कोरडी अतिबारीक पूड श्वासातून आत जाते. हे काम प्रयोगशाळेचे आणि कारखान्याचे आहे, ओसरीवरचे नव्हे.

मोठ्या प्रमाणावर हे कोठे झाले आहे काय?

झाले आहे, पण थोड्या वेगळ्या रूपात. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस सिरोफ्लॉक नावाची पद्धत सुरू झाली. तेथील भूगर्भातल्या पाण्याला कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे पिवळट रंग येत असे. त्यात मॅग्नेटाइटची पूड घालत, रंग आणि गढूळपणा तिच्यावर बसला की लोहचुंबकाच्या साहाय्याने ती वेगळी करत, कॉस्टिकने धुऊन पुन्हा वापरत. ती पूड नॅनो नव्हती, बरीच जाड होती, आणि रंगही कापडाचा नव्हता, निसर्गातला होता. तरीही लोहचुंबकाने पाण्याचा रंग काढणे शहराच्या प्रमाणावर जमते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

चिपाडाच्या नॅनो पुडीचे काम मात्र अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतील काचेच्या भांड्यात आहे. त्याची कारणे समजून घेऊ.

अडचणी कोणत्या?

*पहिली अडचण रंगाच्या जातीची.* प्रयोगात बहुधा मेथिलीन ब्लू वापरतात. १८७६ साली जर्मनीत हाइनरिश कारो यांनी बनवलेला हा निळा रंग. त्याच्यावर धन विद्युतभार असतो आणि कोळशाच्या अंगावर बहुधा ऋण, म्हणून तो चटकन चिकटतो. रिअॅक्टिव्ह रंगांवर ऋण भार असतो. मिलचे पाणी कॉस्टिकमुळे अल्कधर्मी असते, त्यात पुडीचे अंगही ऋण होते. ऋण आणि ऋण एकमेकांना दूर लोटतात. म्हणजे भांड्यातल्या निळ्या पाण्यावर जी पूड पहिली येते, ती मिलच्या लाल पाण्यात नापास होऊ शकते. आधी पाण्याचा सामू उतरवावा लागतो आणि फार उतरवला तर पुडीतले लोखंडच विरघळू लागते.

*दुसरी अडचण हिशेबाची.* धरून चाला की एक ग्रॅम पूड १०० मिलिग्रॅम रंग धरते आणि एका लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅम रंग आहे. मग लिटरला एक ग्रॅम पूड लागली. दिवसाला १० लाख लिटर पाणी सोडणाऱ्या मिलला रोज १,००० किलो पूड लागेल! पूड धुऊन पुन्हा वापरली तर खर्च कमी होतो, पण प्रत्येक धुण्याबरोबर तिची शक्ती थोडी घटते.

*तिसरी अडचण सर्वांत मोठी.* रंग नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. पाण्यातून तो पुडीवर जातो. पूड धुतली तर धुण्याच्या पाण्यात जातो, फेकली तर मातीत. वापरलेली पूड हा घातक कचराच आहे. तिची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावावी लागते. काळी दिसते म्हणून कोणी खत समजून शेतात पसरू नये.

*चौथी अडचण शेतकऱ्याची.* ही पूड पाण्यातले मीठ आणि सोडा काढत नाही. म्हणजे रंगीत पाणी नितळ झाले तरी खारट ते खारटच राहिले.

नितळ म्हणजे शुद्ध नव्हे

आमच्या बंधूंना मी हाच मुद्दा पुन्हा पुन्हा सांगितला. त्यांना भीती रंगाची होती, पण उसाला आणि जमिनीला पहिला धोका सोडियमचा आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून पाणी, हवा, मुळे खाली उतरतात. सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी वर साचते आणि वाळल्यावर दगडासारखा थर होतो. अशी जमीन दुरुस्त व्हायला वर्षे लागतात. भागाने घेतलेली असेल तर मालकाला तोंड दाखवणेही कठीण होते.

रंगाचा धोका आरोग्याचा आहे. आधी तो पाण्यात ऊन शिरू देत नाही, त्यामुळे पाण्यातल्या वनस्पती आणि मासळी कमी होते. पुढे खाडीच्या चिखलात, जेथे प्राणवायू नसतो, तेथे अॅझो जातीचे रंग फुटून त्यांतून अॅमाइन नावाची द्रव्ये निघतात. यांतील काही कर्करोग करणारी आहेत. १८९५ साली जर्मनीतील शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळल्याचे प्रथम मांडले. आपल्या देशातही बेन्झिडीनपासून केलेल्या आणि इतर काही अॅझो रंगांवर १९९० च्या दशकात बंदी आली.

एक गैरसमज येथेच दूर करू. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण रंग आणि क्षार जात नाहीत. उलट पाणी आटल्याने ते अधिक दाट होतात.

मग ही पूड निरुपयोगी का?

मुळीच नाही, पण तिची जागा मिलच्या फाटकाच्या आत आहे. तेथे पाण्याचा सामू राखता येतो, कोणता रंग आहे हे ठाऊक असते, वापरलेली पूड मोजून परत घेता येते. आज मिलमध्ये आणि सामायिक शुद्धीकरण केंद्रांत हिराकस, चुना, तुरटी यांनी रंगाचा साका बसवतात, मग जिवाणूंकडून उरलेली घाण खाववतात. पाण्यात न विरघळणारे डिस्पर्स रंग साक्याबरोबर बऱ्यापैकी खाली बसतात. विरघळलेले रंग मात्र निसटतात आणि त्या शेवटच्या पायरीवर अशी पूड उपयोगी पडू शकेल.

पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे सुरतेला नवीन नाही. २०१४ पासून महानगरपालिकेचे बमरोली येथील केंद्र शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून पांडेसऱ्याच्या मिलना पाणी पुरवू लागले. त्याची क्षमता दिवसाला ४ कोटी लिटर. शहराचे सांडपाणी मिलच्या कामाचे होऊ शकते, तर मिलचे पाणी खाडीत जाण्याआधी नीट करा ही मागणी काही अवास्तव नाही.

आपण काय करावे?

१. रंगीत, फेसाळ किंवा उग्र वासाचे पाणी शेताला देऊ नये. एक पाळी चुकली तर पीक काहीसे घटते, जमीन बिघडली तर पुढची पिके जातात.

२. खाडीकाठच्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी, तसेच शेताची माती तपासून घ्यावी. सामू, क्षार आणि सोडियम या तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. सुरतेत नवसारी कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे सल्ला मिळतो.

३. असे पाणी आधीच दिले गेले असेल तर चर काढून निचरा करावा, कालव्याचे गोडे पाणी मिळताच जमीन धुवावी आणि तपासणीच्या अहवालाप्रमाणेच जिप्सम घालावे. अंदाजाने घालू नये.

४. अशा विहिरीचे पाणी तपासणीशिवाय पिऊ नये, जनावरांनाही पाजू नये.

५. पाचट पेटवू नये. खोडव्यात सरीत पसरून तुकडे करावेत आणि दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून ओल राखावी. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. त्याचे खत झाले की जमीन भुसभुशीत राहते आणि ओलही टिकते. पाण्याची पाळी लांबली तरी पीक तग धरते.

६. तक्रार एकट्याने आणि तोंडी करू नये. पाच-दहा जणांनी मिळून तारीख, वेळ, जागा आणि फोटो यांसह लेखी अर्ज ग्रामपंचायतीला आणि गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुरत कार्यालयाला द्यावा, पोच घ्यावी.

७. टँकर नाल्यात रिकामा होताना दिसला तर जवळ जाऊ नये. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिन वसाहतीत टँकरमधून रासायनिक द्रव नाल्यात सोडताना विषारी वायू उठला आणि सहा कामगारांचा जीव गेला. दूर व्हावे, इतरांना दूर करावे आणि पोलिसांना कळवावे.

आमच्या बंधूंना हे सारे सांगितले तेव्हा ते थोडे हिरमुसले. "म्हणजे माझे पाचट कामाचे नाही?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "कामाचे आहे, पण खाडी धुण्यासाठी नव्हे. ते तुमच्या सरीत राहू द्या. आणि खाडी ज्याने रंगवली, त्यानेच ती धुवावी." त्यांनी खाडीवरची मोटर काढून आणली. यंदा अर्ध्या शेतालाच पाणी पुरेल, उरलेला ऊस कमी उतरेल. तोटा आहेच, पण पुढच्या वर्षी जमीन हाती असेल.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. शाईच्या प्रयोगात रंग कोठे गेला? तो नाहीसा झाला का?
२. पाणी नितळ दिसूनही जमिनीला अपायकारक का ठरू शकते?
३. आपल्या वस्तीजवळ कोणत्या विहिरीचे पाणी कधीच तपासलेले नाही? ते कोण आणि केव्हा नेऊन तपासणार?